फलाण्याच्या एकटेपणाची चौकशी

आन्दोंग
मंगळवार, पहिलं दव पडल्यावर

चिरंजीव होगिल यास, थोरल्या भावाचे पोटभर आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक. मिरच्या वाळवून झाल्या, पर्सिमनची फळं सोलून पडवीत टांगली आहेत, आणि तुझ्या वहिनीचा गुडघा हवामान खात्यापेक्षा बरा अंदाज देतो आहे. तिकडे जुकब्यॉनला वारा सुटला असेल. तुझी कंबर कशी आहे? बोटीच्या इंजिनाखाली उताणं पडून काम करायचं तुझं वय राहिलं नाही, हे मी दर पत्रात लिहितो आणि तू उत्तरादाखल वाळवलेली माकुलं पाठवतोस. माकुलं हे उत्तर नव्हे. खरं तर मी फोनच करणार होतो. पण पोराचा विषय निघाला की तू ‘गिऱ्हाईक आलं’ म्हणून फोन ठेवतोस. मागच्या खेपेला तर तू आंघोळीला बसला होतास (पाण्याचा आवाज मला येत होता), तरी गिऱ्हाईक आलंच. म्हणून हा कागद. कागद आपटून ठेवता येत नाही.

तर मुद्दा असा, की येत्या रविवारी तू साठ वर्षांचा होतोस. मुलानं बापापुढे पेला धरावा, वाकावं, नातेवाइकांनी खाऊन-पिऊन तुझ्याबद्दल खोटंनाटं चांगलं बोलावं, असा हा दिवस. आणि तू सगळ्या गोतावळ्याला कळवून मोकळा झालास, की समारंभ नाही, पेला नाही, वाकणं नाही. वर म्हणालास, ‘ज्या मुलाला जगात कुणी नाही त्याचा बाप म्हणवून घ्यायची मला हौस नाही.’ (वाक्य झोकात होतं. आबांची आठवण झाली. आबाही असंच एखादं वाक्य बोलायचे आणि मग वर्षभर ते वाक्य सांभाळत बसायचे.)

हे सगळं त्या एका गाण्यावरून. वोनग्यु पाच पोरांच्या टोळक्यात नाचत-गात होता तोवर तुझी काही तक्रार नव्हती. ‘पाच जण आहेत, एक तरी दुसऱ्याला जेवायला उठवेल,’ असं तूच म्हणायचास. पण यंदा पोरानं एकट्याचा अल्बम काढला, तोही एकटेपणावर, आणि ‘मी नक्की कोण’ या चिंतेवर. आणि नेमकं त्यातलं पहिलं गाणं खेकड्याच्या खानावळीत लागलं, तेव्हा तू, तुझा तो प्यो कप्तान आणि निम्मं बंदर तिथे हजर. ‘आमच्या घरात दोनच शब्द राहायचे. एक, जेवलास? दुसरा, हो.’ एवढं ऐकून प्यो कप्तानानं तुझ्या पाठीत थाप घातली आणि म्हणाला, “होगिल, आणखी दोन-चार शब्द ठेवायचे होतेस रे घरात, भाड्यानं का होईना!” झालं. तू जेवायच्या काड्या खाली ठेवल्यास, खानावळवालीला गाणं बंद करायला लावलंस आणि त्याच पावली घरी जाऊन पोराला निरोप धाडलास, साठीला येऊ नकोस. गुन्हा प्यो कप्तानाचा आणि शिक्षा पोराला.

मी म्हटलं, शिक्षा झाली ती झाली, निदान गुन्हा तरी कुणीतरी पुरता ऐकावा. म्हणून बाजारपेठेतल्या गाण्यांच्या दुकानात गेलो आणि तिथल्या मुलीला म्हटलं, “आमुगेचा अल्बम द्या.” (आमुगे! फलाणा! ज्याचं नाव आठवत नाही त्याला आपण जे म्हणतो ते! ज्या घराण्यात पिढ्यान् पिढ्यांची नावं दगडात कोरून ठेवली, दर पिढीच्या नावात कुठलं अक्षर यावं हे दोनशे वर्षं आधी ठरवून ठेवलं, त्या घराण्याच्या पोराला घ्यायला नाव सापडलं तर हे. हे नाव उच्चारताना दुकानात मी आवाज बारीक केला होता.) मुलगी म्हणाली, “कुठली आवृत्ती देऊ, आजोबा? रिकामी खोली, रिकामी खुर्ची, रिकामी गल्ली की रिकामा आरसा?” मी विचारलं, “त्यातल्या त्यात भरलेली कुठली?” तेव्हा तिनं समजावलं की गाणी तीच, फोटो वेगळे, आणि बहुतेक लोक सगळ्याच घेतात. मी रिकामी खुर्ची घेतली. म्हटलं, वेळप्रसंगी बसता तरी येईल.

घरी येऊन पेटी उघडली. पेटी केवढी म्हणशील, तर सणाला नाशपाती येतात तेवढी. आत फोटोंचं जाडजूड पुस्तक, भिंतीएवढा घडीचा कागद, चिकटवायची चित्रं, पोराच्या हस्ताक्षरातली एक चिठ्ठी (छापील), आणि तळाशी बरणीत उरलेल्या मुळ्याच्या फोडीसारखी एक तबकडी. तबकडी वाजवायचं यंत्र आपल्याकडे कधीचंच नाही. तुझी वहिनी म्हणाली, “बघायचं एवढं दिलं, ऐकायचं तेवढं राहिलं.” शिवाय पेटीत नशिबानं निघणारं एक कार्डही असतं. माझ्या नशिबी वोनग्युचा पाठमोरा फोटो आला. दुकानातल्या मुलीच्या मते हे कार्ड फारच दुर्मिळ, पोरी त्यासाठी जीव टाकतात. वहिनी म्हणाली, “पाठमोरा तर तो आपल्याला इतकी वर्षं फुकटच दिसतोय.” तिच्या जिभेला हाड नाही हे तुला माहीत आहेच.

शेवटी तबकडी आपल्या कुलमंडळाच्या कचेरीत नेली. (तीच, तळलेल्या कोंबडीच्या दुकानावरची. हल्ली पूर्वजांच्या पुण्यतिथीची चर्चा चालू असते आणि खालून असा वास येतो, की पूर्वजही विचलित होत असतील.) तिथे एक जुनं यंत्र आहे. सगळे ज्येष्ठ गोल बसले. मधोमध दोकबो आजोबा, ज्यांना आपल्या सोयीचं सगळं ऐकू येतं. पहिली दोन गाणी लोक डोळे मिटून, झोपले आहेत की काय असं वाटावं इतक्या आदरानं ऐकत होते. तिसऱ्यात पोर विचारू लागलं, मी कोण? मी कुठून आलो? मला कुणी सांगेल का? पुन्हा तेच. मग आणखी जोरात तेच. दोकबो आजोबांनी काठी आपटली. “बंद करा ते! पोरगं केव्हापासून विचारतंय, कुणी उत्तर का देत नाही? आपल्या मेंगांचं पोर ना ते? सचिव काय करतोय?”

सचिव मी.

दुसरे एक ज्येष्ठ म्हणाले, “अख्ख्या देशापुढे विचारतोय हो. लोकांना वाटेल, मेंगांनी पोराला वंशावळसुद्धा शिकवली नाही. ते किम घराण्याचे लोक हसतील.” किम लोक हसतील म्हटल्यावर पुढे चर्चेला जागाच उरली नाही. ठराव पास झाला, की सचिवानं सोल शहरात जाऊन सदर मुलास तो कोण आहे हे समक्ष सांगून यावं. मला तर हे काम अगदीच किरकोळ वाटलं. लोक ज्याच्यासाठी डोंगरावर जाऊन डोकं भादरून घेतात, ते उत्तर आमच्या कपाटात नळकांड्यात गुंडाळून ठेवलेलं आहे. मी नळकांडं खांद्याला लावलं आणि निघालो. गाडीत शेजारच्या गृहस्थांनी विचारलं, “गळ टाकायला निघालात का?” मी हो म्हटलं. एका अर्थानं खरंच होतं.

आता सोलची मजा ऐक. पोराच्या कंपनीनं एका इमारतीत ‘एकट्यानं ऐकायच्या खोल्या’ थाटल्या होत्या. एका वेळी एका खोलीत एकच माणूस, काळोख, एक खुर्ची, कानाला यंत्र. कल्पना अशी, की माणसानं आत बसून आपला एकटेपणा नीट अनुभवावा. आणि तो अनुभवण्यासाठी ही भलीमोठी रांग, इमारतीला वळसा घालून पार औषधाच्या दुकानापर्यंत! पोर तिथे भेटेल या आशेनं मीही रांगेत शिरलो. माझ्या पुढे सेबॉम नावाची एक मुलगी होती, रुग्णसेविकेचं शिक्षण घेणारी, केस हिरवे, बाकी स्वभावानं चांगली. तिनं विचारलं, “आजोबा, नातीसाठी उभे आहात का?” मी म्हटलं, “पुतण्यासाठी.” “कुठंय तो?” मी भिंतीवरच्या दोन मजली फोटोकडे बोट केलं. “हा.” ती म्हणाली, “असं का? मग मी याची मावशी.”

होगिल, माझ्या साठ-सत्तर वर्षांच्या आयुष्यात मला कुणी खोटारडं म्हटलेलं नाही (वहिनी सोडून). मी तिथल्या तिथे नळकांडं उघडलं आणि वंशावळ फुटपाथवर पसरली. वारा होता, म्हणून सेबॉमनं एक कोपरा धरला, मागच्या मुलीनं दुसरा, आणि बघता बघता रांगेतल्या पोरी मेंग घराण्याच्या चारी बाजूंनी उकिडव्या बसल्या. मी मूळ पुरुषापासून सुरुवात केली. खरं सांगतो, मंडळाच्या बैठकीत मला असे श्रोते कधी मिळाले नाहीत. आपल्या फांदीवर आलो, तुझं नाव आलं, आणि त्याच्या खाली बारीक अक्षरात वोनग्यु दिसला तेव्हा जी किंकाळी उठली, ती ऐकून कंपनीचा एक माणूस धावत आला आणि मला म्हणाला, “आजोबा, इथे नकाशे विकायला परवानगी नाही.” त्यावर सेबॉम त्याच्या अंगावर अशी धावून गेली, की तो गरीब माणूस माफी मागून आत पळाला, माझ्या येण्याची वर्दी द्यायला. मग पोरींनी डबे काढले. किमबाप म्हणजे भाताच्या वळकट्या, उकडलेली अंडी, संत्री. प्रत्येकजण एकटी आली होती, हे त्यांनीच मला सांगितलं. आणि खोलीचं दार येईपर्यंत त्या बिचाऱ्यांच्या एकटेपणाचं पार मातेरं झालं होतं. एकीनं दुसरीला आपल्या भावाचं स्थळसुद्धा सुचवलं.

मी हसतच आत गेलो, तोंडात संत्र्याची फोड. काळोखात खुर्चीवर बसलो, यंत्र कानाला लावलं. तेच गाणं, जे तू बंद करायला लावलंस. (ज्येष्ठांच्या पहिल्या दोन गाण्यांत तेही होतं, पण तिथे दोकबो आजोबांच्या घोरण्याखाली शब्द दबले होते.) होगिल, ते गाणं तिथे संपत नाही. ‘जेवलास?’ आणि ‘हो’ याच्या पुढे ते आहे. पोर सांगतं, की आई गेल्यावर बाप बांगड्याचे काटे काढायचा. तेलानं काळी झालेली नखं, पण एक काटा राहायचा नाही. काढलेला तुकडा न बोलता माझ्या चमच्यातल्या भातावर ठेवायचा आणि स्वतः डोकं-शेपूट चघळत बसायचा. आता मी मोठ्या शहरात जेवतो, समोर सगळं असतं, चमचा भरतो आणि जरा थांबतो. सवय आहे. कुणी काही ठेवत नाही. मग खातो. एवढंच आहे ते गाणं. ‘थांबतो’ म्हणताना वाजणंही थांबतं, आणि त्या काळोखात इतकं शांत होतं, की मला तुझं जुकब्यॉनचं स्वयंपाकघर दिसलं, तुझी सुनहुई गेली त्या वर्षीचं, आणि त्यात तुम्ही दोघं.

मी रडलो. ते लपवत नाही. आपण सगळ्यांनी तेव्हा तुला म्हटलं होतं की पोराशी बोलत जा, आणि कुणाच्या लक्षातच आलं नाही की तू दिवसातून तीनदा बोलत होतास. पोराच्या लक्षात आलं होतं. ते त्यानं सगळ्या देशाला सांगितलं आणि तू मात्र पहिल्या ओळीला उठून गेलास. बाहेर आलो तर सेबॉमनं काही न विचारता रुमाल पुढे केला. तिच्या पिशवीत पुडकंच होतं. ती म्हणाली, या दारातून बाहेर येणाऱ्या सगळ्यांना लागतात.

पोर मागच्या दारानं आलं. टोपी, तोंडावर पट्टी, वाळून निम्मं झालेलं. वाकून नमस्कार केला आणि पहिला प्रश्न, “थोरले काका, बाबांनी पाठवलं?” मी म्हटलं, “मंडळानं.” “अच्छा,” म्हणाला. पट्टीमुळे तोंड दिसलं नाही, पण खांदे उतरलेले पट्टी झाकत नाही. मग मला जेवायला घेऊन गेला, गल्लीतल्या एका भाजलेल्या बांगड्याच्या खानावळीत. तिथे एकट्या माणसाला जेवण मिळत नाही, निखारे पेटवायचे तर निदान दोघांचं तरी मागवायचं, अशी पाटीच आहे. हा तिथे नेहमी जातो. दोघांचं मागवतो, दोन वाट्या, दोन चमचे मांडायला लावतो, आणि एकटा जेवून जातो. आम्हाला बघून मालकीणबाईनं हातातला चिमटा खाली ठेवला. “आलात का एकदाचे!” ती माझ्यावर कडाडली. “किती वाट बघायला लावावी माणसानं! पोरगं दर आठवड्याला तुमचं ताट मांडून बसतंय. आणि मी आपली समजत होते, कुणी मुलगी असेल, रुसली असेल. निघालं काय, तर हे!” ‘हे’ म्हणताना तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. तिला पोर कोण आहे ते माहीत नाही. एकदा विचारलं होतं म्हणे, काय करतोस? हा म्हणाला, लिहितो. “म्हणजे बेकार,” ती म्हणाली, आणि तेव्हापासून भात वाढताना हात सैल सोडते.

बांगडा आला. आता मी काका, वडीलधारा, गाणं ताजं ताजं कानात. मला वाटलं, आपणच काटे काढून द्यावे. चष्मा घरी राहिला होता. मी मोठ्या मायेनं तुकडा निवडला, त्याच्या चमच्यावर ठेवला. तो जरा थांबला, माझ्याकडे पाहिलं, खाल्ला, आणि पुढच्या क्षणी लालबुंद! बोटाएवढा काटा घशात. मालकीणबाईनं पाठीत असे दणके घातले, की पोराचं पुढचं गाणंही त्याबरोबर बाहेर यायचं तेवढं राहिलं. कोरड्या भाताचे गोळे गिळायला लावले तेव्हा कुठे काटा खाली गेला. मालकीणबाई मला म्हणाली, “काका, तुम्हाला जे येतं ते करा.” शहाणी बाई. ते काम माझं नव्हे, होगिल. ज्याचं त्यानंच करायचं असतं.

मंडळाचं काम तेवढं राहिलं होतं. ताटं बाजूला सारून मी वंशावळ पसरली (एका शाखेवर सोयाबीनच्या आमटीचा डाग पडला आहे, ती शाखा नाहीतरी भांडखोर होती) आणि म्हटलं, “विचारत होतास ना तू कोण? हे घे.” पोर वाकून, बोट फिरवत, अगदी मन लावून वाचू लागलं. एका ठिकाणी थांबून म्हणालं, “काका, हे एवढे बाजूला कोण?” मी म्हटलं, “वा! हे आपले भूषण. राजाची मर्जी फिरली आणि यांना बेटावर धाडलं. तिथे त्यांनी ती पदं लिहिली, जी आपण दर वर्षी त्यांच्या मंडपात उभे राहून म्हणतो.” “पदं कशावर आहेत?” मी सांगायला म्हणून पहिलं पद मनातल्या मनात म्हटलं. लहानपणापासून पाठ आहेत ती मला, अर्थाकडे बघायची वेळ कधी आली नव्हती. ती पदं एकट्यानं जेवण्यावर आहेत! एक वाटी भात, एक सुकी मासळी, समोर समुद्र, आणि मी अजून मी आहे की नाही हे विचारायला दुसरा माणूस नाही. आणि खाली सही काय, तर ‘बिननावाचा म्हातारा’. पोर हसलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा ते आपल्या जुन्या पोरासारखं हसलं. म्हणालं, “म्हणजे काका, हा धंदा आपल्याकडे जुनाच आहे.” आपण त्यांना दगडी मंडप बांधून दिला, होगिल, आणि याला साठीला येऊ नको म्हणतो.

परत येऊन मी मंडळाला अहवाल दिला, की मुलाला तो कोण आहे हे बऱ्यापैकी माहीत आहे, आपल्यालाच नव्हतं. अहवाल नामंजूर झाला. दोकबो आजोबा मात्र रिकामा आरसा मागवून घेताहेत.

पोराला रविवारचंही मी विचारलं होतं. म्हटलं, चल माझ्याबरोबर, बापाचं मी बघतो. तो म्हणाला, “नको काका. बाबांनी येऊ नको सांगितलंय. बाबा माझ्याशी एवढं लांब वाक्य पहिल्यांदाच बोलले. ते मोडवत नाही.” दोघेही एकाच मातीचे. मी गाडीत बसून एकटाच परत आलो. तुला मी उपदेश करणार नाही, तू काही लहान नाहीस, समारंभ कर की नको करूस, तुझी साठी, तू जाण. तब्येतीला जप. इंजिनाखाली जाताना पाठीखाली गोणपाट घे.

तुझा थोरला भाऊ,
मेंग होसोप

ता.क. वहिनी सांगते, माकुलं या खेपेला फारच बारीक होती. माणसाला साठी आली म्हणून माकुलांनीही आक्रसावं असं नाही.

ता.क. दुसरा. पोर गातं तो रॅप हा प्रकार मला कळत नाही आणि आवडत नाही, हे माझं मत कायम आहे. मंडळात एवढाच नियम झाला आहे, की ते बांगड्याचं गाणं लागलं की कुणी बोलायचं नाही आणि खालच्या कोंबडीवाल्यानं कढई बंद ठेवायची.

ता.क. तिसरा, आणि हाच काय तो खरा मजकूर. मी हयात टपालखात्यात काढली, पण हे पत्र टपालानं आलेलं नाही, हे तुला पाकीट हातात घेतानाच कळलं असेल. पोराचं म्हणणं मला पटलं होतं. बापाचं वाक्य मोडू नये. म्हणून घरी पोचल्यावर मी त्याला फोन केला, की साठीला अजिबात जाऊ नकोस, साठी रविवारी आहे. तू गुरुवारी जा, काकाचं पत्र पोचवायला. माझ्या हातून पत्र घेऊन जायला बुधवारी इथे ये. यात कुणाचंच काही मोडत नाही.

त्याला दारात बघताच तुझ्या तोंडात एक वाक्य आलं असणार. ते कुठलं, हेही मी सांगू शकेन. पण आबांनी आपल्याला वळण लावलंय, की थोरल्याचं पत्र हातात पडलं की खाली बसायचं, शेवटच्या अक्षरापर्यंत वाचायचं आणि तोवर कुणाशी बोलायचं नाही. तू ते मोडणार नाहीस या भरवशावर मी एवढा कागद काळा केला. त्या वाक्याला निवायला वेळ हवा होता. (आवृत्त्या खरं तर तीनच आहेत. रिकामी गल्ली मी घातली. जरूर पडती तर आणखी एखादी घालणार होतो.) पोरालाही बजावलंय, की बापाचं वाचून होईपर्यंत हूं की चूं करायचं नाही. म्हणजे इतका वेळ तुम्ही दोघं एका खोलीत गप्प आहात, ज्याची दोघांनाही सवय आहे. आणखी एक. आज सकाळपासून त्यानं काही खायचं नाही असं मी सांगितलं आहे, त्यामुळे तू तुझा तो एकच प्रश्न विचारलास, तर या खेपेला उत्तर ‘हो’ येणार नाही आणि पुढे काहीतरी बोलावंच लागेल.

माझं लिहून झालं, होगिल. मान वर कर.